लिनक्स टाकले, पण कॉम्प्युटर सुरूच होईना? आधी तो कुठे अडकतोय ते बघा

तळा : विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. घरात, दुकानात, शाळेत पडून असलेल्या जुन्या मशीनमध्ये यातले काहीच नसते. मशीन भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून बघणारे आता खेड्यापाड्यांतही आहेत. लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर हलके चालते, मराठी टायपिंगही होते.

अडचण येते ती पुढे. इन्स्टॉल झाले, 'रिस्टार्ट करा' असे आले, रिस्टार्ट केले आणि पडदा काळा. किंवा इंग्रजीत दोन ओळी येऊन मशीन गप्प. मग घरातले विचारतात, 'मोडलास ना?' बहुतेक वेळा काही मोडलेले नसते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालले होते, याचा अर्थ प्रोसेसर, रॅम आणि पडदा साधारण ठीक आहेत. अडचण हार्ड डिस्कवरून सुरू होण्याच्या साखळीत कुठेतरी असते. ती कुठे आहे ते ओळखले की निम्मे काम झाले.

हा लेख मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. कॉम्प्युटर बंद असताना तो मोबाइलवरच वाचावा लागणार आहे.

हात लावण्याआधी तीन गोष्टी

१) घाईने परत इन्स्टॉल करू नका. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला की त्या डिस्कवरचे सगळे जाते. मुलांचे फोटो, बचत गटाचा हिशेब, सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, कॉलेजच्या फॉर्मच्या फायली, सगळे. मशीन सुरू होत नसले तरी आतला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. तो कसा काढायचा ते पुढे दिले आहे.

२) पडद्यावर जे काही इंग्रजी येते त्याचा मोबाइलने फोटो काढा. 'काहीतरी एरर आला' यावरून कोणीच नीट सांगू शकत नाही. नेमकी ओळ हातात असेल तर उपाय पाच मिनिटांत सापडतो.

३) पेन ड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर, चार्जिंगला लावलेला मोबाइल, सगळे काढा. फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवा. मग मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानेच काम होते, कारण मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याचा प्रयत्न करत बसलेले असते.

बटण दाबल्यावर आत काय होते?

तळ्याहून मुंबईला निघालेला माणूस इंदापूरला येतो, तिथे महामार्गावरची गाडी पकडतो, मग पुढे. मध्येच गाडी चुकली तर कुठल्या थांब्यावर चुकली ते आधी बघायचे असते. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. चार टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा पुढच्याच्या हातात काम देतो.

पहिला टप्पा : मदरबोर्डमधला बायोस किंवा नव्या मशीनमधला यूईएफआय. कंपनीचे नाव पडद्यावर दिसते ते यावेळी. रॅम, डिस्क, कीबोर्ड आहेत का हे तो बघतो आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते ठरवतो.

दुसरा टप्पा : ग्रब. 'लिनक्स सुरू करू की विंडोज?' अशी यादी दाखवणारा छोटा प्रोग्राम.

तिसरा टप्पा : कर्नल. हा लिनक्सचा गाभा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये याची सुरुवात केली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकतात त्या याच वेळी.

चौथा टप्पा : बाकीच्या सेवा, डिस्कचे भाग जोडणे आणि शेवटी पासवर्ड विचारणारा पडदा.

आता तुमचे मशीन कुठे थांबते ते बघा आणि खालचा तोच भाग वाचा.

कंपनीचे नावसुद्धा दिसत नाही

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच नाही. किंवा बीप-बीप आवाज येतो. इथे लिनक्सचा संबंध नाही. विंडोज असते तरी हेच झाले असते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. डेस्कटॉप असेल तर वायर काढा, बटण दहा सेकंद दाबून ठेवा, रॅम बाहेर काढा, पट्टी कोऱ्या खोडरबरने हलकेच पुसा आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. पडद्याची केबलही दोन्ही टोकांना घट्ट आहे ना ते तपासा.

मदरबोर्डवर नाण्यासारखी गोल बॅटरी असते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तिच्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. ती संपली की घड्याळ मागे जाते आणि बायोसमधल्या सेटिंग मूळ जागी येतात. काल चालणारे लिनक्स लाइट जाऊन आल्यावर सुरू होत नाही आणि तारीख जुन्या वर्षाची दिसते, असे असेल तर संशय या बॅटरीवर घ्या. ती घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'

नाव दिसते, मग ही ओळ येते. म्हणजे बायोसला सुरू करण्यासारखे काही सापडत नाही. बायोसमध्ये जाण्यासाठी मशीन सुरू होताच ठरावीक बटण भराभर दाबावे लागते. सर्वसाधारणपणे ती अशी :

• डेल : सेटिंगसाठी एफ२, कुठून सुरू करायचे ते निवडण्यासाठी एफ१२
• एचपी : एस्केप, सेटिंगसाठी एफ१०, निवडीसाठी एफ९
• लेनोवो : एफ२ आणि एफ१२, थिंकपॅडमध्ये सेटिंगसाठी एफ१
• एसर : एफ२, एफ१२ चालण्यासाठी ते आधी सेटिंगमध्ये चालू करावे लागते
• असूस लॅपटॉप : एफ२, आणि निवडीसाठी एस्केप

बऱ्याच लॅपटॉपवर हे बटण 'एफएन' सोबत दाबावे लागते. आत गेल्यावर क्रमाने चार गोष्टी बघा.

डिस्क दिसते का? यादीत डिस्कचे नावच नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्क गेली आहे. एसएसडी नव्याने बसवली असेल तर ती काढून नीट बसवा.

क्रम बरोबर आहे का? बूट ऑर्डरमध्ये सगळ्यात वर 'उबंटू' किंवा हार्ड डिस्क असायला हवी. लिनक्स मिंट टाकले तरी इथे बहुतेक वेळा 'उबंटू' असेच नाव दिसते, कारण मिंट उबंटूवर उभे आहे. गोंधळू नका.

पद्धत जुळते का? सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जुनी पद्धत 'लेगसी', नवी 'यूईएफआय'. लिनक्स एका पद्धतीने टाकले आणि मशीन दुसऱ्या पद्धतीने सुरू होत असेल तर त्यांची गाठच पडत नाही. बूटची यादी उघडल्यावर एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा 'यूईएफआय' हे शब्द लावून. विंडोज आधीपासून यूईएफआय पद्धतीने असेल आणि तुम्ही नुसता पेन ड्राइव्ह निवडून लिनक्स टाकले असेल तर नेमके हेच झाले आहे. पेन ड्राइव्हवरून पुन्हा लिनक्स सुरू करताना 'यूईएफआय' लिहिलेली ओळ निवडा आणि पुढे दिलेले बूट-रिपेअर चालवा.

सिक्युअर बूट अडवतो आहे का? उबंटू, मिंट, फेडोरा हे सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होऊ शकतात. सगळ्या लिनक्सचे तसे नाही. एसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये हे सेटिंग फिकट दिसते, बदलता येत नाही. तिथे आधी 'सुपरवायझर पासवर्ड' ठेवावा लागतो, मग ते उघडते. हा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर दुरुस्ती महागात पडते.

महत्त्वाचा इशारा : विंडोजही त्याच मशीनवर असेल आणि त्याला बिटलॉकर लागलेले असेल, तर बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. बदल करण्याआधी मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन की लिहून घ्या.

लिनक्स टाकताना डिस्कच दिसली नव्हती

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' किंवा 'रॅपिड स्टोरेज' नावाची सोय चालू असते. ती चालू असेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. काही जण मग चुकून पेन ड्राइव्हवरच लिनक्स टाकतात आणि नंतर मशीन सुरू होत नाही म्हणून हैराण होतात. बायोसमध्ये ही सोय बंद करावी लागते किंवा 'एएचसीआय' निवडावे लागते. एसरच्या काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपलेला असतो. बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की दिसतो. मात्र विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल सरळ करू नका. विंडोज सुरू होणे बंद पडू शकते. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असे लावून घ्यावे लागते. हे जमत नसेल तर जाणकाराला सोबत घ्या.

थेट विंडोजच सुरू होते

दोन्ही ठेवले होते, पण यादी येतच नाही. लिनक्स आत आहे, फक्त क्रमात खाली आहे. बूटच्या यादीत जाऊन 'उबंटू' निवडा. सुरू झाले तर बायोसमध्ये त्याला कायमचे वर आणा. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये वर आणले तरी मशीन परत विंडोजकडेच जाते. तिथे दरवेळी एफ९ने निवडणे हा कामचलाऊ मार्ग आहे.

विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून विंडोजच्या भागात फाईल ठेवता येत नाही.

विंडोजच्या अपडेटमुळेही लिनक्स अडकू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये जगभर असे झाले. १३ ऑगस्टला आलेल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स निवडताच 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द असलेली ओळ येऊन मशीन बंद होऊ लागले. लोकांनी इन्स्टॉल चुकले असे समजून पुन्हा पुन्हा लिनक्स टाकले. खरा उपाय होता सिक्युअर बूट तात्पुरते बंद करणे, लिनक्स सुरू करून पूर्ण अपडेट करणे आणि मग सिक्युअर बूट परत चालू करणे.

पेन ड्राइव्ह लावला तरच सुरू होते

ग्रब चुकून पेन ड्राइव्हवर बसला आहे. लिनक्स डिस्कवर, पण त्याचा दरवाजा पेन ड्राइव्हवर, असे झाले आहे. पेन ड्राइव्ह पुसू नका. बूट-रिपेअर चालवून ग्रब डिस्कवर आणा.

'ग्रब रेस्क्यू' असे लिहून येते

काळ्या पडद्यावर एवढेच शब्द आणि लुकलुकणारी खूण. ग्रब सुरू झाला, पण त्याच्या उरलेल्या फायली त्याला सापडत नाहीत. विंडोजमधून 'जागा मोकळी करू' म्हणून लिनक्सचा भाग पुसला, डिस्कचे भाग मागे-पुढे केले, किंवा दुसरी डिस्क जोडली की असे होते. इथे आज्ञा टाइप करूनही सुटका होते, पण नवख्या माणसाने बूट-रिपेअरच वापरावे.

बूट-रिपेअर : बहुतेकांना इथेच उत्तर मिळते

लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हमध्येच हा प्रोग्राम असतो. पायऱ्या अशा :

१) पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करा. इन्स्टॉलवर क्लिक करू नका.
२) इंटरनेट जोडा. वायफाय नसेल तर मोबाइल केबलने लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा.
३) मेनूमध्ये 'अॅडमिनिस्ट्रेशन'खाली 'बूट रिपेअर' उघडा.
४) 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा आणि थांबा. मध्ये काही आज्ञा कॉपी-पेस्ट करायला सांगितल्या तर जशाच्या तशा करा.
५) अहवाल इंटरनेटवर टाकू का, असे विचारतो. मदत मागायची असेल तर हो म्हणा, नाहीतर नाही.
६) संपल्यावर बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, सुरू करा.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. हे काम चालू असताना लाइट गेली तर नवी भानगड.

यादी दिसते, लिनक्स निवडले की पडदा काळा

ग्राफिक्स कार्डाशी जुळत नाही. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर ही तक्रार जास्त. लिनक्स आत सुरू झालेले असते, फक्त चित्र दिसत नाही. उपाय :

ग्रबच्या यादीत लिनक्सच्या ओळीवर असताना कीबोर्डवरचे ई दाबा. यादीच दिसत नसेल तर मशीन सुरू होताना एस्केप दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून ठेवा. ई दाबल्यावर मजकूर उघडतो. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. त्यांच्या पुढे एक जागा सोडून हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत टाका : एन ओ एम ओ डी ई एस ई टी. मध्ये जागा सोडायची नाही. मग एफ१० दाबा.

पडदा दिसला तर निदान बरोबर. हा बदल एकाच वेळेपुरता असतो. आत गेल्यावर मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर टाका आणि रिस्टार्ट करा.

जुना कर्नल निवडून बघा

परवापर्यंत चालत होते, अपडेटनंतर बंद पडले, असे असेल तर ग्रबच्या यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. तिथे कर्नलचे दोन-तीन क्रमांक असतात. आधीचा क्रमांक निवडा. 'कर्नल पॅनिक' असे येऊन अडकलेली मशीनही बऱ्याचदा याने सुरू होतात. सुरू झाले की नेट जोडून अपडेट पुन्हा पूर्ण करा. अपडेट चालू असताना लाइट गेली की नवा कर्नल अर्धवट बसतो, हे आपल्याकडचे नेहमीचे कारण.

'इनिट-रॅम-एफएस' किंवा 'बिझीबॉक्स' लिहून थांबते

डिस्कवरच्या फायलींची व्यवस्था बिघडली आहे. वीज अचानक गेली, बटण दाबून मशीन जबरदस्तीने बंद केले, की असे होते. पडद्यावर वरच्या ओळींत डिस्कच्या भागाचे नाव असते, तिरकी रेघ, 'डेव्ह', तिरकी रेघ आणि पुढे 'एसडीए२' यासारखे काहीतरी. ते जसे दिसते तसे कागदावर उतरवा. मग टाइप करा : एफ एस सी के, एक जागा, वजा-चिन्ह आणि त्याला जोडून वाय, एक जागा, आणि उतरवलेले नाव. एंटर. तपासणी संपली की 'रीबूट' टाइप करून एंटर.

एक सावधगिरी. डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल किंवा पडद्यावर 'आय-ओ एरर' पुन्हा पुन्हा येत असेल तर ही तपासणी करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला त्याने धक्का बसतो. आधी डेटा काढा.

जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यात दिवसेंदिवस वीज नव्हती, हे कोणी विसरलेले नाही. एरवीही पावसात लाइटची ये-जा चालूच असते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावला तर अशा तक्रारी कमी होतात. यूपीएस नसेल तर इन्स्टॉल आणि मोठे अपडेट वीज टिकून असते अशा वेळी करा.

'इमर्जन्सी मोड' आणि दीड मिनिटाचे थांबणे

'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ येऊन १ मिनिट ३० सेकंद मोजले जातात, मग 'इमर्जन्सी मोड'. लिनक्सकडे डिस्कच्या भागांची एक यादी असते. यादीत आहे पण प्रत्यक्षात नाही, असा भाग शोधत ते थांबते. इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क जोडलेली होती आणि नंतर काढली, असे झाले का ते आठवा. ती परत जोडा. सुरू झाले तर कारण सापडले. 'एफएसटॅब' नावाच्या फाईलमधली त्या डिस्कची ओळ, तिच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकून, निकामी करावी लागते. ओळ पुसू नका, नुसते चिन्ह टाका, म्हणजे पूर्ववत करता येते.

पासवर्ड घेते आणि परत पासवर्डच मागते

पासवर्ड बरोबर असूनही असे झाले तर डिस्क गच्च भरली असण्याची शक्यता मोठी. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाका (पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ते बरोबर आहे). मग डी एफ, एक जागा, वजा-चिन्ह आणि एच टाका. एखाद्या ओळीत नुसत्या तिरक्या रेघेसमोर १०० टक्के दिसत असेल तर जागा संपली. ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'रिकव्हरी मोड' असतो, त्यातला 'क्लीन' हा पर्याय थोडी जागा मोकळी करतो. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट'च्या जुन्या प्रती बरीच जागा खातात, आत गेल्यावर त्या कमी करा.

मशीनच फार जुने असेल तर

'या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली तर मशीन ३२ बिटचे आहे आणि तुम्ही ६४ बिटचे लिनक्स टाकत आहात. कितीही वेळा प्रयत्न केला तरी ते चालणार नाही. लिनक्स मिंट २२ फक्त ६४ बिटवर चालते, किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा मागते. नीट वापरायला ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा बरी. डेबियनचे ३२ बिटसाठी इन्स्टॉलर असलेले शेवटचे मोठे संस्करण जून २०२३ चे डेबियन १२. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ते नाही. एवढ्या जुन्या मशीनवर वेळ आणि पैसा घालण्याआधी विचार करा.

डाउनलोडच खराब असेल तर

मोबाइल डेटावर सुमारे ३ जीबीची फाईल उतरवताना रेंज गेली की फाईल आतून अर्धवट राहते. इन्स्टॉल झाल्यासारखे वाटते, पण काही फायली खराब बसतात. प्रत्येक लिनक्सच्या संकेतस्थळावर 'एसएचए२५६' नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. उतरवलेल्या फाईलचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. एक अक्षर वेगळे असले तरी फाईल टाकून द्या, पुन्हा उतरवा. पेन ड्राइव्ह जुना असेल तर तोही बदलून बघा.

दुसरा कॉम्प्युटर नाही, पेन ड्राइव्ह कसा बनवायचा?

अँड्रॉइड मोबाइलवरूनही बनवता येतो. 'एचड्रॉइड' नावाचे मोफत अॅप आहे. ओटीजी केबलने पेन ड्राइव्ह मोबाइलला लावा, लिनक्सची आयएसओ फाईल निवडा आणि लिहू द्या. मोबाइलची बॅटरी भरलेली असावी, मध्ये केबल हलवू नये. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते हे ध्यानात ठेवा. विंडोजची फाईल याने लिहिता येत नाही, लिनक्सची येते.

आतला डेटा कसा काढायचा?

पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. डेस्कटॉपवरचे फोल्डर उघडा, डाव्या बाजूला हार्ड डिस्क दिसेल, त्यावर क्लिक करा. तुमच्या फायली 'होम' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली असतात. विंडोजच्या असतील तर 'यूझर्स'मध्ये. दुसरा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावून तिथे कॉपी करा. इन्स्टॉल करताना 'एन्क्रिप्ट' निवडले असेल तर तो पासवर्ड विचारला जाईल. तो विसरलात तर डेटा कोणालाच काढता येणार नाही, दुकानदारालाही नाही.

दुकानात न्यायचेच असेल तर

माणगाव किंवा पनवेलला मशीन न्यायची वेळ आली तर जाण्याआधी फोन करून विचारा, 'लिनक्सचे काम करता का?' बरेच जण 'विंडोज टाकून देतो' म्हणतात आणि डिस्क पुसतात. 'डेटा पुसू नका' हे कागदावर लिहून मशीनला चिकटवा. पडद्याचे फोटो, कुठले लिनक्स, कुठले संस्करण, सोबत विंडोज आहे का, एवढे सांगितले तर कामही लवकर होते आणि पैसेही नेमके लागतात.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी

बोटाचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, काही प्रिंटर यांचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा विंडोजला धरूनच केलेले असते. तुमच्या नेमक्या मॉडेलला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, ते कंपनीकडून आधी कळून घ्या. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून यंत्र लावून बघितले तर डिस्कला धक्का न लावता कळते. दाखल्यांच्या गर्दीच्या दिवसांत, दहावी-बारावीच्या निकालानंतर, हा प्रयोग करू नका.

मराठीतून शिकायचे असेल तर

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात मोफत आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' हे भारतीय लिनक्स आणले, त्यात भारतीय भाषांची सोय आहे. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये मुळातच असतो, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

थोडक्यात, लक्षात ठेवा

• नाव दिसत नाही : रॅम, केबल, गोल बॅटरी
• 'नो बूटेबल' : बूटचा क्रम, लेगसी की यूईएफआय, सिक्युअर बूट
• थेट विंडोज : बूटच्या यादीत 'उबंटू' वर आणा
• 'ग्रब रेस्क्यू' : बूट-रिपेअर
• यादीनंतर काळा पडदा : 'नोमोडसेट', मग ड्रायव्हर
• अपडेटनंतर बंद : जुना कर्नल
• 'बिझीबॉक्स' : डिस्कची तपासणी, आवाज येत असेल तर आधी डेटा
• 'इमर्जन्सी मोड' : काढलेली डिस्क आठवा
• पासवर्ड परत परत : डिस्क भरली

एका वेळी एकच बदल करा, तो कागदावर लिहा, मग सुरू करून बघा. चार सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले आणि कशाने बिघडले, दोन्ही कळत नाही. आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह इन्स्टॉल झाल्यावर दुसऱ्या कामाला लावू नका. त्यावर नाव लिहून कपाटात ठेवा. मशीन पुन्हा कधी अडले तर दुरुस्तीची सुरुवात त्याच पेन ड्राइव्हपासून होते.